आवाज येणार हं

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. संपादक म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी सांगतो, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, दुसरा कुणी लिहील तर पदवी चुकवेल. तिसऱ्या पानावर, एका कॉलमात, तळाला ती आली. पूर्ण नाव, शिक्षण, परळच्या इस्पितळातलं काम, पंगू मुलांविषयीचं संशोधन, मागे वडील आणि एक विवाहित बहीण. ‘एक विवाहित बहीण’ हे शब्द मीच लिहिले आणि त्यांचं मुद्रितही मीच तपासलं. चूक नव्हती.

त्या बातमीत जे बसत नव्हतं ते इथे लिहिते आहे. सुमती, मला तुझा हेवा वाटायचा. हे वाक्य मी लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. बदल करायचा तर काळाचा करावा लागेल. वाटतो.

कशाचा ते नेमकं सांगायला हवं, नाहीतर तो नुसता माझा स्वभाव ठरेल. तू डॉक्टर झालीस आणि मी बी. ए.च्या वर्गातून उठून लग्न करून गिरगावात आले, त्याचा नव्हे. तोही होता, पण लहानपणापासून सोबत होता. दादांच्या ताटाशेजारचा पाट धाकट्या लेकीचा, तुझा, आणि पलीकडचा माझा, इतका तो सवयीचा झाला होता. माझा खरा हेवा एका हाताचा होता. शैलूचा उजवा हात. कोपरात मुडपलेला, मनगटाशी आत वळलेला, अंगठा मुठीत दडपलेला. तो तू हातात घेतलास की थोड्या वेळाने सैल पडायचा, अंगठा आपणहून बाहेर यायचा. मी घेतला की मूठ आणखी आवळायची. ती माझी मुलगी. तिला पोटात मी वाढवलं. आणि तिचा हात तुझ्या हातात उघडायचा.

शैलू जन्मली तेव्हा रडली नाही. बऱ्याच वेळाने रडली, तोवर निळी पडली होती. वर्ष झालं तरी मान धरेना. चाळीतल्या बायका पोलिओ म्हणायच्या. त्या वर्षांत मुंबईत पोलिओ सगळ्यांना ठाऊक झाला होता. पोलिओ म्हटलं की लोक हळहळायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे नाहीत. म्हणून मीही पोलिओच सांगू लागले.

तू आलीस त्या दुपारी तिला उचलून घेतलं नाहीस. मधल्या खोलीत सतरंजीवर ठेवलंस आणि समोर बसून राहिलीस. मी चहा करून आणला, तो गार झाला. तू बघतच होतीस. मग म्हणालीस, “ताई, हा पोलिओ नव्हे. पोलिओत हात लुळा पडतो, हिचा ताठतो. इजा मेंदूला आहे, जन्मतानाची. ती वाढणार नाही आणि भरूनही येणार नाही. पण हातापायांना शिकवता येईल.”

“कुणी शिकवायचं?”

“मी शिकतेय, कसं शिकवायचं ते.”

तुझ्या तोंडून सेरेब्रल पाल्सी हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. मराठीत त्याला काय म्हणायचं हे तू मला विचारलंस, कारण शब्दांचं काम माझं. मी ‘मेंदूचा पक्षाघात’ सुचवला. तुला तो आवडला नाही. आयांना घाबरवणारा आहे म्हणालीस. दुसरा शब्द आपल्याला शेवटपर्यंत सापडला नाही.

परळला इस्पितळाच्या मागच्या अंगाला तुला एक लांबट खोली मिळाली होती. तिथे तू अशी मुलं जमवायचीस. लालबागची, करी रोडची, माझगावची. कुणी आईच्या कडेवर, कुणी बापाच्या पाठीवर यायचं. तुझं संशोधन मला आधी समजेना. औषध देत नव्हतीस. सुई नव्हती. प्रत्येक मुलाला ठरल्या क्रमाने बघायचं, कुठला सांधा किती उघडतो, पाठीवर निजवल्यावर काय होतं, बसवल्यावर काय होतं. व्यायाम द्यायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा तसंच बघायचं. श्वासाला वळण लावलं तर बोलणं येतं का, हाही एक प्रश्न होता. “एवढंच?” मी विचारलं. तू म्हणालीस, “एवढंच नीट कुणी बघितलेलं नाही.”

अट एक होती. तपासणीच्या वेळी आई खोलीबाहेर. त्याचं कारण तू सगळ्यांना त्याच शब्दांत सांगायचीस, आई समोर असली की मूल काही करत नाही, त्याचं सगळं आईच करते. मलाही तेच सांगितलंस, त्याच आवाजात. मी तुझी बहीण होते हे त्या आवाजात कुठेही नव्हतं.

बाहेर एक लांब बाक होता. तिथे आम्ही आया बसायचो. माझ्या शेजारी बहुधा लालबागची रुक्मिणी असायची. नवरा गिरणीत, मुलगा बबन शैलूच्याच वयाचा, दोन्ही गुडघे एकमेकांत रुतलेले. पहिल्याच दिवशी तिने माझी चौकशी केली आणि हसली. “डॉक्टरीण तुमची सख्खी भैण मां? आणि तुमका सुद्धा भायरच बसवल्यान? मग आमचा काय खरा नाय.” पुढे कधी आतून मूल रडू लागलं की ती मला कोपराने ढोसायची. “जावा, सांगा भैणीक. आमचा ती ऐकाची नाय.” मी जात नव्हते. माझं तरी तू कुठे ऐकत होतीस.

आतून बहुतेक मुलांचं रडणं यायचं. शैलूचं हसू यायचं. घरी ती हसायची, पण हे हसू वेगळं होतं, खालून वर चढत जाणारं, अर्ध्यात तुटून पुन्हा लागणारं. घरी मी ते ऐकलं नव्हतं. ते कसं काढायचं हे मला माहीत नव्हतं आणि दाराच्या फळीपलीकडे तुला माहीत होतं. रुक्मिणी म्हणाली, “तुमची बरी खेळता.” मी ‘हो’ म्हटलं.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले. मी वर्तमानपत्रात दिवसपाळीला होते, तारांचा अनुवाद करायचा, मथळे लावायचे. ‘झालाच पाहिजे’ हे दोन शब्द इतक्यांदा लावले की कंपोझिटर त्यांचे अक्षरखिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकेनासे झाले, बाजूला तसेच जुळवून ठेवायचे.

तुझ्या खोलीची खिडकी मागच्या रस्त्यावर होती आणि लालबागवरून येणारे मोर्चे खालून जायचे. ही मुलं मोठ्या आवाजाला आपल्यापेक्षा फार दचकतात. एका घोषणेने अंग कमानीसारखं ताठतं आणि पुढचा सगळा वेळ वाया जातो. तू त्यावर तोड काढलीस. मोर्चा निघाला की आमच्या कचेरीत बातमी आधी येते, म्हणून मला म्हणालीस, “ताई, मला फोन करत जा.” मी करायची. भायखळ्याहून निघाले, एवढ्यात पोचतील. तू ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवायचीस. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, आणि इतक्या वेळा बोललो ते एवढंच. कधी मी मुद्दाम फोन धरून ठेवायची. दादांचा खोकला कसा आहे विचारायची. “रविवारी येईन तेव्हा बोलू,” म्हणायचीस. तुझ्या पाठीमागे मुलांचा कालवा ऐकू यायचा.

फोन ठेवलास की तू काय करायचीस ते रुक्मिणीने दाराच्या फटीतून बघून मला सांगितलं. मुलांच्या मधोमध बसायचीस, सगळ्यांकडे बघून म्हणायचीस, “आवाज येणार हं.” आणि वाट बघायची. आवाज आला की दचकायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं. खालून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ असं आलं की मुलांनी मोठा श्वास घ्यायचा आणि जमेल ते ओरडायचं. कुणाचा नुसता हुंकार निघायचा, कुणाचा ‘पा’. श्वासाचा व्यायाम तू मोर्च्याकडून करून घेत होतीस.

एका दिवशी माझी सुटी होती आणि शैलूला घेऊन मी बाकावर होते. मोर्चा येणार हे मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते तू आत जाण्यापूर्वी मी तुला सांगितलं. दार लागलं. काही वेळाने तुझा आवाज आला, “आवाज येणार हं.” मग रस्ता भरत आला. इस्पितळाच्या भिंतीला हादरे बसावेत असा घोष झाला आणि आतून मुलांचे आवाज उठले. त्यात एक आवाज स्वच्छ होता. “पाहिजे.”

शैलू पाच वर्षांची होती. तोवर तिने एकही शब्द उच्चारला नव्हता.

रुक्मिणीने माझा दंड धरला. तू आत विचारलंस, “शैलू, काय पाहिजे?” आणि ती पुन्हा म्हणाली, “पाहिजे.” मी उठले आणि दार उघडलं.

शैलू तुझ्यासमोर सतरंजीवर बसली होती, कुणी न धरता, उजवा हात मांडीवर उघडा. तिने मला पाहिलं. हात छातीकडे गेला, मूठ मिटली, मान एका बाजूला ओढली गेली. तोंड उघडं होतं पण आवाज येईना. इतर मुलं माझ्याकडे बघत होती. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ताई, बाहेर.”

मी बाहेर बसले. बातमी माझी होती. शब्द तुला मिळाला. तो शब्द रोज आठ कॉलमांत मी छापत होते आणि माझ्या मुलीने तो पहिल्यांदा तुझ्यासमोर म्हटला. त्यावरही कडी म्हणजे मी दार उघडून तुझा नियम खरा करून दाखवला. रुक्मिणी काहीतरी बोलत होती. बहुधा अभिनंदन करत होती.

मग गोळीबाराचे दिवस आले. गिरगावात संचारबंदी होती. ट्राम बंद, दुकानं बंद, गल्लीच्या तोंडाशी पोलीस. यांना कामावर, गोदीतच, अडकून पडावं लागलं. मी शैलूला घेऊन दारं लावून बसले होते. अश्रुधुराची नळकांडी फुटली की ती पुरी ताठायची आणि ताठलेली राहायची. मी तिला घट्ट धरायची. त्याचा उपयोग होत नव्हता.

तू इस्पितळाच्या गाडीतून आलीस. दंडाला लाल फुलीची पट्टी, पायात इस्पितळातल्या चपला. दार उघडताच मला रडू आलं, कारण मला वाटलं तू मला बघायला आलीस. तू मोरीत जाऊन हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि विचारलंस, “कुठे आहे ती?”

शैलूजवळ बसलीस. खिडकीच्या फटीतून गल्लीच्या तोंडाशी पोलीस पुढे सरकताना दिसले की म्हणायचीस, “आवाज येणार हं.” काही वेळा आवाज यायचा, काही वेळा नाही. संध्याकाळ होईपर्यंत तिचा हात तुझ्या मांडीवर उघडा पडला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होते. तेव्हा मी बोलले. समजावून सांगायला बोलले नाही. तुला लागावं म्हणून बोलले.

मी म्हटलं, “तुझा अभ्यास चुकतोय.”

“कसा?”

“बाकीची मुलं आई बाहेर गेली की रडतात. मी बाकावर बसून ऐकते ना. रडणारं मूल ताठणारच. तू मोजतेस तो ताठपणा दुखण्याचा किती आणि भीतीचा किती? शैलू रडत नाही, कारण खोलीत तिची मावशी असते. तिच्यावरून तू सगळ्यांना नियम लावलास.”

तू शैलूच्या हाताकडे पाहिलंस. मग विचारलंस, “हे तुला केव्हापासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बाहेर बसवलं होतंस.”

तू हसलीस. मला अपेक्षा होती तू चिडशील, निदान स्वतःची बाजू मांडशील. तुझ्या डोळ्यांत मला जे दिसलं त्याला मी आनंद म्हणेन, दुसरा शब्द नाही. तुझी चूक सापडली याचा तुला आनंद झाला होता. त्याचाही मला हेवा वाटला. माझ्या मजकुरात चूक सापडली की मी आठवडाभर जेवत नाही.

शहर पुन्हा सुरू झालं तेव्हा तू अट उलटी केलीस. केलेलं सगळं बाजूला ठेवलंस आणि पहिल्यापासून आरंभ केलास. आता आयांनी आत यायचं, मुलाला मांडीवर घ्यायचं आणि तू तिथेच, मांडीवरच तपासायचीस. पहिल्याच दिवशी बबनचे गुडघे रुक्मिणीच्या मांडीवर एकमेकांपासून सुटले. ती ओरडली नाही, रडली नाही. “बगलात?” एवढंच मला म्हणाली, आणि बबनला म्हणाली, “मेल्या, इतकी वर्सा काय सोंग करी होतंस?” खोलीत सगळ्या आया हसल्या. एकामागून एक मुलं आईच्या मांडीवर सैल पडत गेली.

मग शैलूची पाळी. मी मांडी घातली. तू तिला माझ्याजवळ दिलीस. तिचा हात छातीकडे गेला आणि मूठ मिटली. तू थांबलीस. मी काही हलवलं नाही, श्वासही हळू घेत होते. मूठ आणखी आवळली. तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तू म्हणालीस, “ताई, जरा बाहेर चहा सांगतेस?”

चहा कुणालाच नको होता. मी बाहेर गेले, सांगितला, आणि बाकावर बसले. बाकावर आता मी एकटीच होते. आतून ते हसू आलं.

म्हणजे तुझा जुना नियम सगळ्या मुलांच्या बाबतीत चुकीचा निघाला आणि एकाच मुलाच्या बाबतीत बरोबर. ते मूल माझं.

पुढे तू डॉक्टरांच्या सभेत निबंध वाचलास. मी मागच्या रांगेत बातमीदार म्हणून बसले होते. इंग्रजी सावकाश वाचत होतीस, दादांना समजावं म्हणून, ते पुढे बसले होते. परक्या खोलीत, परक्या हातांत ही मुलं असतात त्याहून जास्त पंगू दिसतात, म्हणून तपासणी आईच्या मांडीवर व्हावी, असा तुझा निष्कर्ष होता. बबनचं वर्णन त्यात सविस्तर होतं. शैलू त्यात नव्हती. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. लालबागच्या गिरणीकामगाराच्या मुलाचा मला त्या दिवशी हेवा वाटला, हे मी पूर्वी कुणाला सांगितलं असतं तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं असतं. आणि चुकीविषयी तू म्हणालीस, ती एका वर्तमानपत्रात काम करणाऱ्या बाईंनी लक्षात आणून दिली. बाईंनी. दादांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी लिहीत असल्यासारखं केलं.

जिन्यात मी तुला गाठलं. “नाव घ्यायला काय झालं होतं?”

“नाव घेतलं असतं तर बहीण आली असती. बहीण आली असती तर शैलू आली असती.”

“मग आली असती.”

“भाची आहे ती माझी. अभ्यासात धरता येत नाही. तूच म्हणालीस.”

हे खरं होतं. मीच म्हटलं होतं. पण तिला वगळायचं कारण तेवढंच होतं का, हे मला तेव्हा विचारता आलं नाही. सगळ्या आयांविषयी तू जे सभेत सांगितलंस त्याला अपवाद मी एकटी होते. तो अपवाद तू भाचीच्या नावाखाली झाकलास का? मला वाचवलंस का? वाचवलं असलंस तर त्याचा मला राग आहे. नसलंस तर तू फक्त नेमकी होतीस, आणि नेमकेपणा हा माझा धंदा, त्यातही तू माझ्या पुढे गेलीस. पुष्कळ रविवार आले, मी विचारलं नाही. आता उत्तर द्यायला तू नाहीस.

रविवारी तर तू येतच राहिलीस. सभा झाल्या, निवडणुका झाल्या, द्वैभाषिक राज्य आलं, ते जाणार अशी बातमी आली, आणि रविवारी सकाळी तू यायचीसच. बाहेर गॅलरीत उजेडात सतरंजी टाकायचीस आणि शैलूला घेऊन बसायचीस. मी आत. आमटीला फोडणी देताना मला दोघींचं बोलणं ऐकू यायचं. शैलूचे शब्द वाढत होते. चाळीतल्या बायका गॅलरीतून जाताना थांबायच्या. कुणीतरी एकदा तुला विचारलं, “तुमची का मुलगी?” तू ‘नाही’ म्हणायच्या आत शैलू हसली. मी आत पळी आपटली. ती दोघींना ऐकू आली असणार.

तू मला शिकवायचा प्रयत्न केलास, हेही लिहायला हवं. मी शिकले. कोपराखाली तळवा कुठे ठेवायचा, मनगट कधी धरायचं आणि कधी नाही, अंगठा ओढायचा नाही, त्याच्या मुळाशी नुसता आधार द्यायचा. सगळं शिकले, क्रमाने, बिनचूक. तू बघायचीस आणि म्हणायचीस, बरोबर आहे. हात उघडायचा नाही. शेवटच्या माघात एका रविवारी मी तिचा हात खाली ठेवला आणि विचारलं, “तू वेगळं काय करतेस ते एकदा सांगून टाक.”

तू म्हणालीस, “तू मुद्रित तपासल्यासारखी तिला धरतेस, ताई.”

“आणि तू?”

“मी नुसती धरते.”

मी म्हटलं, “तुला परवडतं. रात्री तू घरी जातेस.” तू उठलीस. सतरंजीची घडी केलीस. शैलू आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. दारातून जाताना तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि मला ‘येते’ म्हणालीस. पुढच्या रविवारी तुझा निरोप आला की अंगात कणकण आहे. त्याच्या पुढे कावीळ, आणि मग तुझ्याच इस्पितळातली खाट. मी आले तेव्हा तू झोपेत होतीस. तुझा हात चादरीवर होता, तळवा वर. मी तो हातात घेतला नाही. कसा धरावा हे मला कळेना.

एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल रविवार होता.

शैलूला दहावं वर्ष लागलं आहे. बारावा-तेरावा उरकून घरी जमलेली माणसं गेली होती. सकाळी ती भिंतीला धरून गॅलरीत गेली आणि तुझ्या जागेशी बसून राहिली. सतरंजी मीच नेऊन टाकली. तिच्यासमोर बसले. तू बसायचीस तिथे, पाठ कठड्याला. ती म्हणाली, “तिथे नाही.” मी सरकून तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात घेतला. मूठ मिटलेली होती.

राज्य मेच्या पहिल्या तारखेला होणार, म्हणून खाली चौकात मुलांची आतापासून तयारी चालली आहे. कमान बांधतायत, लेझीम घुमवतायत. कठड्याच्या गजांतून मला दिसलं की त्यांनी चौकाच्या मध्यावर लवंगी फटाक्यांची माळ लांब पसरली आणि एकजण उदबत्ती फुंकत वाकला. ओरडून थांबवायला वेळ नव्हता. मी माळेकडेच बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “आवाज येणार हं.”

हे शब्द मी यापूर्वी कधी म्हटले नव्हते. ते तुझे होते. सूरही तुझाच होता, शेवटी थोडा वर जाणारा, मला तो माझ्या घशात ओळखू आला.

माळ फुटली. शैलूचे खांदे जरासे उडाले आणि खाली आले. धूर गॅलरीपर्यंत चढला. मी अजून चौकात बघत होते, आणखी एक माळ आहे का म्हणून, तेव्हा माझ्या तळव्यात काहीतरी हललं. मी खाली पाहिलं. तिचा अंगठा बाहेर आला होता. बोटं एकेक करून सुटत होती. मी हाताकडे बघत नव्हते, तो नुसता धरला होता. म्हणजे तू म्हणालीस तेच. हेसुद्धा तुझंच खरं झालं.

शैलू माझ्याकडे बघत नव्हती. ती जिन्याच्या दाराकडे बघत होती, रविवारी तू यायचीस तिकडे. आवाजाची वर्दी आली होती, तेव्हा वर्दी देणारी कुठेतरी असणार, असा तिचा हिशेब असावा. बघता बघता म्हणाली, “मावशी पाहिजे.”

मी ‘मावशी गेली’ म्हटलं नाही, ते तिला माहीत आहे. मी ‘मी आहे ना’ म्हटलं नाही, तेही तिला माहीत आहे आणि तिने ते मागितलं नव्हतं. ती दाराकडे बघत राहिली. तिचा हात उघडाच होता. ऊबदार, जरा ओलसर, मला वाटला होता त्याहून जड. दहा वर्षांत तो असा माझ्या हातात आला नव्हता.

तुझ्या शब्दांवर तो उघडला, सुमे, मला ठाऊक आहे. तुझ्या वाटेकडे डोळे लावून उघडला. तरी तो माझ्या हातात उघडला, आणि मी धरून बसले. खाली मुलं दुसरी माळ पसरत होती. मी पुन्हा म्हटलं, “आवाज येणार हं.”